लांब शिट्टी

“अगं, तुझी लांब शिट्टी हल्ली मधेच तुटते. दाखव एकदा डॉक्टरला.”

तलावाच्या काठावरच्या बाकावरून आजी हे म्हणाल्या, तेव्हा ताई टिकलीचे ओले केस पुसत होती. तिने मान वर करूनही पाहिलं नाही. “आई, शिट्टी म्हातारी झालीय. तिला कुठल्या डॉक्टरला दाखवू?”

मित्रांनो, ती म्हातारी शिट्टी म्हणजे मी. ताई मुलांना पोहायला शिकवते, टिकली तिची लेक, आणि आजी म्हणजे ताईच्या सासूबाई. आजींना पाण्याची इतकी धास्ती की बाकाचं पाण्याकडचं टोकसुद्धा त्यांना चालत नाही. त्या दिवशी ताईच्या बोलण्यावर सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. दोष माझ्या माथी आला होता, आणि माझी बाजू मांडायची तर मला आधी कुणीतरी फुंकावं लागतं.

आज कुणी न फुंकता बोलते आहे, तेव्हा जरा सविस्तर ऐका.

माझा जन्म एका लांबट, सदा खडखडणाऱ्या कारखान्यात झाला. पितळेच्या पत्र्याच्या पट्ट्या कापल्या गेल्या, यंत्राखाली दाबून वाकवल्या गेल्या, डाख देऊन जोडल्या गेल्या. वर चकचकीत मुलामा चढला. तरीही मी नुसती एक डबी होते. शेवटी एका बाईने बुचाचा वाटाण्याएवढा मणी अंगठ्याने दाबून माझ्या फटीतून आत सारला, मला ओठांशी नेलं आणि फुंकर मारली. पोटातला मणी गरगर फिरला आणि मी पहिल्यांदा ओरडले. शेजारची बाई दचकून म्हणाली, “मेली, कानाचे पडदे फाडशील!” माझं पहिलं कौतुक ते.

दुकानातून मला सरांनी घेतलं. सर म्हणजे या तलावावरचे जुने शिक्षक. छाती रुंद, पाय बारीक, आवाज असा की माझी गरजच पडू नये. पण पाण्यात डोकं असलेल्या पोराला माणसाचा आवाज ऐकू येत नाही, माझा येतो. सरांनी तीन खुणा ठरवल्या होत्या. एक आखूड फुंकर म्हणजे माझ्याकडे बघा. दोन आखूड म्हणजे असाल तिथून जवळचा कठडा धरा. आणि एक लांबच लांब फुंकर म्हणजे सगळे बाहेर. ती लांब शिट्टी संपायच्या आत प्रत्येकाने काठावर येऊन, पाय पाण्यात सोडून बसलेलं असायचं. संपल्यावर जो पाण्यात सापडेल त्याने सगळ्यांच्या तरंगत्या फळ्या गोळा करायच्या. सरांची फुंकर पट्टीच्या पोहणाऱ्याची होती. खोल भागातलं पोरही तेवढ्या वेळात आरामात काठाला लागायचं.

त्या पोरांत एक मुलगी होती, जी भिंत सोडायचीच नाही. दोन्ही हातांनी कठडा धरून तलावभर सरकत राहायची. सर तिला ‘पाल’ म्हणायचे. “ए पाली, भिंत काय तुझ्या बापाने बांधलीय? सोड!” एके दिवशी तिने ती सोडली, आणि मग तिला पाण्याबाहेर काढणं हेच सरांचं काम होऊन बसलं. लांब शिट्टीला सर्वांत शेवटी बाहेर येणारी तीच. फळ्या गोळा करून करून तिचे दंड मजबूत झाले.

तीच आपली ताई. ती मोठी झाली, कॉलेज केलं, शिकवायचं रीतसर प्रमाणपत्र मिळवलं, आणि सर निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातलं. “सांभाळ. लांब शिट्टी पूर्ण मारायची, कंजुषी नाही करायची,” एवढंच बोलले, आणि डोळ्यांत क्लोरीन गेल्याचं सांगून निघून गेले. त्या दिवशी ते पाण्यात उतरलेच नव्हते.

ताईची फुंकर सरांच्या तोडीस तोड होती. मला तिचा अभिमान वाटायचा. लग्न झालं, टिकली झाली, टिकली चालायला लागली. लिफ्ट दुरुस्त करणारा टिकलीचा बाबा सकाळी दोघींना तलावावर सोडून कामाला जाई. मग आजी डबा घेऊन येत, सुरक्षित अंतरावर बसत आणि तिथूनच सूचना देत. “अगं त्याला श्वास घेऊ दे की! पोर आहे, मासा नाही!” ताई हसायची. बरे दिवस होते.

फुंकर आखडायला लागली ती कधी, हे मला सांगता येणार नाही. दिवस मावळताना उजेड नेमका कोणत्या क्षणी कमी होतो ते कळतं का? आधी लांब शिट्टीचं शेपूट थरथरायला लागलं. मग ते गळून पडलं. ताईला वाटलं, पाण्याने माझ्या पोटातला मणी फुगलाय. तिने मला उन्हात वाळवलं, काडीने कोरलं, माझी दोरी बदलली. मी मुकाट्याने सगळं सोसलं. मणी अगदी ठणठणीत होता हो!

आणि मित्रांनो, खरी गंमत पुढेच आहे. गंमत म्हणते खरी, पण तिने आमचा घात केला. लांब शिट्टी आखूड झाली तशी मुलं लवकर बाहेर यायला शिकली. मुलांचे कान हुशार असतात. शिट्टी कुठे संपते हे त्यांना ठाऊक होतं, आणि फळ्या कुणालाच गोळा करायच्या नव्हत्या. ती भराभर काठावर येऊन बसू लागली. पालक म्हणाले, “काय शिस्त लावलीय ताईंनी! शिट्टी वाजली की पाणी रिकामं!” ताई खूश. सगळे खूश. फुंकर रोज थोडी विरत होती, आणि तिचं कौतुक होत होतं.

खोकला होता, पण तो क्लोरीनचा. थकवा होता, पण लहान मूल असलेली कोणती बाई थकत नाही? कपडे सैल झाले होते, तर ओळखीच्या बायका विचारत, “बारीक झालीस गं, काय खातेस?” एकट्या आजीच अधूनमधून कुरकुरत. त्यांना पोहण्यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे त्या पाण्याकडे बघतच नसत. त्या ताईकडे बघत.

मग एका सकाळी रुमालावर लाल ठिपका आला. ताईने रुमाल घडी करून मुठीत लपवला. ती कधी कुणाला घाबरली नव्हती इतकी त्या ठिपक्याला घाबरली. पहिला विचार स्वतःचा नव्हता. तिने वळून टिकलीकडे पाहिलं. टिकली तेव्हा कठड्याला धरून सरकत होती, आईसारखीच, भिंत न सोडता.

छातीच्या डॉक्टर मॅडमनी थुंकी तपासली, फोटो काढला आणि सांगितलं, टीबी आहे. औषध आहे, नेमाने घेतलं तर बरा होतो. मी ताईच्या पर्समध्ये होते, सगळं ऐकत होते. ताईने विचारलं, “मुलीचं काय?” मॅडम म्हणाल्या, घरातल्या सगळ्यांना तपासू, लहानग्यांना तर आधी, आणि होऊ नये म्हणूनही औषध असतं. टिकलीची तपासणी झाली, तलावावरच्या मुलांचीही झाली. सगळी धडधाकट निघाली. त्या दिवशी ताई पहिल्यांदा नीट जेवली.

निघताना मॅडमनी आणखी एक सांगितलं होतं. “गोळ्यांनी हळूहळू बरं वाटायला हवं. दोन महिन्यांत खोकला आणि वजन सुधारलं नाही, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. लगेच यायचं.” ताईने मान डोलावली. मान डोलावणं सोपं असतं.

घरी माझ्यावर संकट आलं. आजींनी मला चिमट्याने उचललं. “ही आधी फेकून द्या! हिच्यातच बसलेत ते जंतू!” टिकलीच्या बाबाने समजावलं की टीबी हवेतून पसरतो, आजारी माणसाच्या खोकल्यातून. भांड्यातून, कपड्यातून, शिट्टीतून नाही. ताईने तोंडावर मास्क ठेवायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या, बस. “तू लिफ्टचा डॉक्टर, माणसांचा नव्हेस,” असं म्हणून आजींनी मला पातेल्यात टाकलं आणि चांगलं खळाखळा उकळलं. माझा मणी फुगून लाडू झाला. खिडकीत वाळेपर्यंत कितीतरी दिवस मी मुकी होते. मग मला स्वयंपाकघरातल्या त्या खणात ठेवलं, जिथे संपलेले सेल, रबरबँड आणि कशाची ते कुणालाच आठवत नसलेली किल्ली असते. अशी अडगळ मी आयुष्यात पाहिली नव्हती. पण खणाची फट मोठी होती आणि कान माझे शाबूत होते.

तलावावर सर परत आले, बदली म्हणून, स्वतःची प्लास्टिकची शिट्टी घेऊन. पहिल्याच दिवशी त्यांनी जुन्या सवयीने लांब शिट्टी मारली, आणि ती निम्मीही झाली नाही तोवर सगळी पोरं काठावर! टिकलीने घरी येऊन नक्कल करून दाखवली. “सर फुंकतायत, फुंकतायत, गाल हे एवढे फुगलेत! आम्ही म्हटलं, सर, आम्ही बाहेर आलो की, तुम्ही कुणाला बोलावताय?” ताई हसता हसता खोकायला लागली. सगळ्यांनी म्हटलं, टीबीच होता तो, म्हणून शिट्टी तुटत होती. कोडं सुटलं. मीही खणात निःश्वास टाकला. माझ्यावरचा डाग गेला असं मला वाटलं.

गोळ्यांनी ताप गेला. थुंकीत जंतू दिसेनात, आणि मॅडमनी तलावावर जायची परवानगी दिली. घरात आनंदीआनंद झाला. त्या गडबडीत, वजन वाढलेलं नव्हतं आणि कोरडा खोकला होता तसाच होता, हे ताईने मॅडमना सांगितलं का? नाही सांगितलं. मॅडमनी खोकल्याचं विचारलं तेव्हा म्हणाली, “आहे थोडासा.” खांदा दुखतो हेही बोलली नाही. खांद्याचा आणि छातीचा काय संबंध? शेजारीपाजारी, माहेरी, सासरी प्रत्येकाच्या तोंडी एकच होतं, “टीबी आहे ना, वेळ लागतो.” एकदा आजाराला नाव मिळालं की माणसं दुसरं नाव शोधत नाहीत.

मला खणातून काढलं. ताईने मला पदराने पुसलं, तेव्हा तिचा हात किती हलका झालाय ते मला जाणवलं.

तलावावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. सर बाजूला उभे राहिले, आजी आपल्या बाकावर. शिकवणी झाली आणि ताईने लांब शिट्टी मारली. मुलांना आता सरांच्या शिट्टीची सवय झाली होती. ती निवांत काठाकडे निघाली. आणि मी संपले. मुलं अजून पाण्यात होती. कुणी अर्ध्यावर थांबलं, कुणी मागे वळून पाहू लागलं. एक मुलगा खोल भागात पाय मारत ओरडला, “ताई, उरलेली शिट्टी?”

ताईने पुन्हा फुंकलं. पहिल्याहून आखूड. सर पटकन कडेला गेले आणि त्यांनी त्या मुलाला हात देऊन वर घेतलं. काही झालं नाही. पण सगळे आता माझ्याकडे बघत होते.

ताई हसायचा प्रयत्न करत म्हणाली, “आईंनी उकळली ना हिला, तेव्हापासून बिघडलीय.”

झालं! आजी ताडकन उठल्या. ज्या बाई कधी बाक सोडत नसत, त्या ओल्या फरशीवरून तरातरा पाण्यापर्यंत आल्या. “मी बिघडवली? मी? दे इकडे!” त्यांनी मला ताईच्या गळ्यातून काढलं आणि सरांच्या हातात ठेवलं. “फुंका हो तुम्ही. होऊ दे निकाल.”

सरांनी मला फुंकलं. मित्रांनो, मी अशी वाजले, अशी वाजले, की कारखान्यातल्या त्या बाईने पुन्हा शिव्या दिल्या असत्या. लांब, सरळ, शेपटापर्यंत अखंड. मी निर्दोष सुटले. आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही. कारण सर्वांचे डोळे माझ्यावरून उठून ताईवर गेले होते.

आजींचा राग कुठल्या कुठे गेला. त्या हळूच म्हणाल्या, “तू आजारी होतीस तेव्हा तुझी शिट्टी याहून लांब होती गं. गोळ्या खाऊन फुंकर वाढायला हवी की घटायला?”

“आई, टीबी आहे, वेळ...”

“वेळ लागतो, ऐकलंय मी. मॅडमनी काय सांगितलं होतं? लगेच यायचं. चल. कपडे बदल. आत्ता.”

या वेळी मॅडमपुढे आजी बोलल्या. खोकला, वजन, खांदा आणि मी. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि मोठ्या यंत्रातला स्कॅन करायला पाठवलं. मग नळी घालून आतला एक तुकडा काढला, तो तपासायला गेला. उत्तर आलं, तेव्हा खोलीत ताई, टिकलीचा बाबा आणि पर्समध्ये मी.

टीबी होताच, आणि तो बरा होत होता. पण त्याच्या आडोशाला फुफ्फुसात एक गाठ होती. कॅन्सरची.

“मी कधी सिगारेट हातातही धरली नाही,” ताई म्हणाली, जणू काही चुकून दुसऱ्याचा कागद तिच्यापुढे आला होता.

“हो,” मॅडम म्हणाल्या. “तरीही होतो. तरुण माणसालाही होतो. दोघांची लक्षणं सारखीच, फोटोतले डागही कधी कधी सारखे. पहिल्याचं औषध चालू असलं की दुसऱ्याकडे लक्ष जात नाही. आणखी चार-सहा महिने घरी थांबला असतात तर मला आज वेगळं बोलावं लागलं असतं. गाठ अजून एकाच जागी आहे. काढता येईल.”

टिकलीचा बाबा खुर्ची पुढे ओढून बसला. तो म्हणाला, “काढा मग.” लिफ्ट अडकल्यावर बोलतो त्याच आवाजात. पण त्याने ताईचा हात असा पकडला होता की तिची बोटं पांढरी पडली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर भेटायला आले. उशीवरच्या मला त्यांनी उगाचच सरळ केलं. शेवटी म्हणाले, “पाली, जन्मभर तुला भिंत सोड म्हणून ओरडलो. आता घट्ट धर.” आणि पुन्हा त्यांच्या डोळ्यांत क्लोरीन गेलं.

फुफ्फुसाचा एक भाग गेला. टीबीच्या गोळ्या चालूच राहिल्या, आणि जखम भरल्यावर सलाईनमधून दुसरं औषध सुरू झालं. ते दिवस मी फार रंगवून सांगत नाही. केस गेले, तोंडाची चव गेली. आजींनी स्वतः बाजारात जाऊन फुलाफुलांची टोपी आणली आणि टिकलीने जाहीर केलं, “आई आता पोहायची टोपी घरातपण घालते.” इस्पितळात श्वासाच्या व्यायामासाठी एक प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं, आत तीन रंगीत चेंडू, ओढलेल्या श्वासाने वर चढणारे. मला त्याचा मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू? पण ताई घरी आली, डॉक्टरांनी फुंकायला हरकत नाही असं सांगितलं, आणि तिने उशीखालून मलाच काढलं.

आम्ही गच्चीवर जायचो. ताई खुर्चीत बसायची, मी तिच्या ओठांत. शिट्टी वाजेतो टिकलीने पळायचं, संपली की तिथेच थांबायचं. पहिल्या दिवशी टिकली जिन्याच्या दारापासून कपड्यांच्या दोरीपर्यंतही पोचली नाही. ती आजीच्या ओल्या परकरासमोर उभी राहून म्हणाली, “एवढंच?” ताईला रडू आलं. आजी दोरीवरून कपडे काढत म्हणाल्या, “एवढंच का असेना, आपलं आहे ना? उद्या परकराच्या पलीकडे.” पुढे परकर ओलांडला, मग दोरी. मग एका संध्याकाळी टिकलीचा हात पाण्याच्या टाकीला लागला, आणि तिने टाकीवर असे काही धपाटे घातले की खालच्या मजल्यावरचे काका वर आले.

गच्चीची पलीकडची भिंत अजून दूर आहे. कदाचित ती यायचीच नाही. जेवढा भाग गेला तो काही परत येत नाही. पण तपासण्या चांगल्या येतायत, टीबीच्या गोळ्या पुऱ्या झाल्यात, आणि ताई तलावावर परत आलीय. सर मदतीला असतात. नवा नियम झालाय. लांब शिट्टी आता दोन भागांत वाजते. ताई फुंकते, थांबते, श्वास घेते, पुन्हा फुंकते. मधल्या शांततेत मुलं घाई करत नाहीत. ताईचा श्वास घेऊन होईपर्यंत ती थांबतात, आणि फळ्या आता सगळेच गोळा करतात.

टिकली अजून भिंत सोडत नाही. ताईला काही घाई नाही.

मी आता जुनी झाले आहे. मुलामा उडालाय, आतलं पितळ दिसतं. मला जपा असं मी म्हणणार नाही, मला जपणारे आहेत. माझं मागणं वेगळं आहे, आणि ते मी ताईकडूनच घेतलंय. शिकवणी संपली की ती मुलांना रोज हेच सांगते. तुमच्या घरात तुम्हाला हाक मारणारं कुणीतरी असेल. जेवायला बोलावणारं, खेळातून घरी बोलावणारं. त्यांच्या हाकेची तुम्हाला इतकी सवय झालेली असते की ती कधी आखूड झाली ते कळतच नाही. त्यांचा खोकला दोन आठवडे हटत नसेल, त्यांचे कपडे सैल झाले असतील, किंवा एका आजाराचं औषध चालू असूनही त्यांना बरं वाटत नसेल, तर “वेळ लागतो” यावर विश्वास ठेवू नका. त्यांना हाताला धरून डॉक्टरकडे न्या. आधीचे डॉक्टर असतील तर त्यांच्याकडेच परत न्या, आणि सगळं सांगा, खांदासुद्धा.

मित्रांनो, आज संध्याकाळी ती हाक आली की लगेच ओ देऊ नका. ती संपेपर्यंत ऐका. मग जाऊन विचारा, “तू बरी आहेस ना?”